राहुरीचं विद्यापीठ आमच्या शिवारात कुठे दिसतं?

प्रश्न असा आला आहे: "आमचं गाव नेवासे तालुक्यात, राहुरीच्या कृषी विद्यापीठापासून गाडीनं तासाभरावर. वडील चाळीस वर्षं शेती करतायत, पण विद्यापीठाची पायरी एकदाही चढलेले नाहीत. बी दुकानातून, औषध दुकानदार सांगेल ते. ते म्हणतात, हजारो एकर जमीन घेऊन बसलेल्या या संस्थेनं आपल्याला दिलं काय? कृषी विद्यापीठं काढली कशासाठी आणि त्यांचं काम नेमकं काय?"

वडिलांना आधी तीन गोष्टी विचारा. रब्बीला ज्वारी कोणती पेरता? उसाचं बेणं कोणतं? आणि भावकीत कुणाची डाळिंबाची बाग असेल तर झाडं कोणती? उत्तरं बहुधा अशीच येतील: मालदांडी नाहीतर वसुधा, दोनशे पासष्ट नाहीतर शहाऐंशी-बत्तीस, आणि भगवा. या पाचांतलं एकही कंपनीचं नाही. चार या विद्यापीठात किंवा त्याच्या जन्माआधीच्या सरकारी केंद्रांवर तयार झाली. पाचवी, शहाऐंशी-बत्तीस, कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत जन्मली आणि पाडेगावच्या संशोधन केंद्रामार्फत 'नीरा' नावानं महाराष्ट्रात आली. वडील पायरी चढले नसतील, पण विद्यापीठ त्यांच्या बांधाच्या आत कधीच येऊन बसलंय. फक्त पाटी लावून आलेलं नाही.

हे मी कुठून बोलतोय तेही सांगून ठेवतो. तीस वर्षं कृषी विद्यापीठाच्या नोकरीत काढली, त्यातली बरीचशी रब्बी ज्वारीच्या पैदाशीत आणि शेवटची काही विस्तार शिक्षणात. त्यामुळे बाजू घेतली जाईलच, वाचताना तेवढं वजा करा. वडिलांचा राग मात्र मला खोटा वाटत नाही. त्यामागे एक खरं कारण आहे आणि ते थेट या विद्यापीठांच्या जन्मात दडलंय.

आपल्याकडे शेतीचं सरकारी शिक्षण विद्यापीठांपेक्षा कितीतरी जुनं. पुण्यात १८७९ साली विज्ञान महाविद्यालयात शेतीचे वर्ग सुरू झाले, पुढे १९०७ च्या सुमारास स्वतंत्र कृषी महाविद्यालय झालं. शिवाजीनगरची ती दगडी इमारत आजही उभी आहे. तिथले सुरुवातीचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ, पण त्यांनी एक वेगळंच काम केलं. विद्यार्थी आणि सहकारी घेऊन ते पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावात गेले आणि घरोघरच्या जमिनीचा, कर्जाचा, जनावरांचा हिशेब मांडला. १७७१ मध्ये तिथल्या एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती, ती १९१५ च्या आसपास ७ एकरांवर आली होती, हे त्यांनी कागदोपत्री दाखवून दिलं. आज पिंपळे सौदागरला जाल तर टोलेजंग इमारती दिसतील, एकरांची गोष्ट तिथं कुणी काढणार नाही. पण शेतीचा प्रश्न प्रयोगशाळेत बसून कळत नाही, गावात जाऊन मोजावा लागतो, हा धडा आमच्या व्यवसायाला पहिल्यांदा तिथं मिळाला.

त्याच काळात आणि पुढच्या दोन-तीन दशकांत केंद्रं उभी राहिली. १९३२ साली नीरा कालव्याच्या लाभक्षेत्रात पाडेगावला ऊस, त्याच साली निफाडला गहू, १९३३ साली सोलापूरला कोरडवाहू शेती. मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करत करत 'मालदांडी ३५-१' हाती आली, तीही १९३० च्या दशकातलीच. पुण्याच्या गणेशखिंड केंद्रात डॉ. चीमा यांनी १९३६ मध्ये आळंदीच्या डाळिंबातून मऊ बियांचं एक झाड हेरलं, पुढे त्याचं नाव 'गणेश' पडलं. द्राक्षातली 'चीमा साहेबी' ज्यांनी खाल्ली असेल त्यांना हे आडनाव ओळखीचं वाटेल. कृषिशास्त्रज्ञ कानिटकरांनी सोलापूरकडच्या अवर्षणी जमिनीत बांधबंदिस्ती, खोल नांगरट, कमी बियाणं, जास्त कोळपण्या अशी सगळी पद्धत बसवली. कोळपणी ही निम्मं पाणी दिल्यासारखी, असं आपल्याकडची म्हातारी माणसं म्हणतात. त्याला आकड्यांचा आधार या केंद्रांनी दिला.

मग विद्यापीठ कशाला हवं होतं? कारण शिकवणारे एका खात्यात, संशोधन करणारे दुसऱ्या कचेरीत आणि गावात फिरणारे तिसऱ्या साहेबाच्या हाताखाली. ज्यानं वाण काढला त्याला तो शिकवायची संधी नाही, जो शिकवतो त्यानं शेत पाहिलेलं नाही. स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगानं ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली. १९५५ पासून भारतीय आणि अमेरिकी तज्ज्ञांच्या संयुक्त पथकांनी देशभर फिरून शिफारशी केल्या आणि नमुना म्हणून अमेरिकेतली जमीन-अनुदान महाविद्यालयं डोळ्यापुढे ठेवली.

तो नमुना नीट समजून घ्या, कारण वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. अमेरिकेत १८६२ साली, लिंकनच्या काळात, केंद्र सरकारनं राज्यांना जमिनी दिल्या आणि त्यांच्या उत्पन्नातून शेतीची आणि यंत्रविद्येची महाविद्यालयं काढायला लावली. हा पहिला पाय, शिक्षण. १८८७ च्या कायद्यानं त्यांना प्रयोग केंद्रं जोडली, हा दुसरा, संशोधन. १९१४ च्या कायद्यानं गावोगाव सल्ला देणारी यंत्रणा त्याच विद्यापीठाला जोडून दिली, हा तिसरा, विस्तार. तिथं गावात येणारा सल्लागार विद्यापीठाचाच माणूस असतो. शेतकऱ्यानं त्याला झापलं तर ते झापणं वर संशोधकापर्यंत पोचतं.

आपण हा नमुना आणला. १९६० साली पंतनगर, १९६२ साली लुधियाना. महाराष्ट्रात २९ मार्च १९६८ रोजी राहुरीला महाराष्ट्र कृषी विद्यापीठ स्थापन झालं, साऱ्या राज्यासाठी एकच. पण येताना तिसरा पाय आखूड झाला. गावातला विस्तार राज्याच्या कृषी खात्याकडेच राहिला. कृषी सहायक, मंडल कृषी अधिकारी, तालुका कृषी अधिकारी ही सगळी साखळी खात्याची. विद्यापीठाच्या वाट्याला 'विस्तार शिक्षण' आलं, म्हणजे खात्याच्या माणसांना प्रशिक्षण, मेळावे, प्रदर्शनं, प्रकाशनं, काही निवडक गावांत प्रात्यक्षिकं. एक शब्द जास्तीचा जोडला गेला आणि गाव विद्यापीठापासून एक पायरी लांब गेलं. मी काढलेला वाण वडिलांच्या शेतात यावा की नाही हे ठरवणारी माणसं माझ्या विद्यापीठाची नव्हती. त्यांच्याकडे आधीच अनुदानाची प्रकरणं, पंचनामे, पीक विम्याचे कागद, योजनांची उद्दिष्टं. त्यातून जो वेळ उरतो तो वाणाला. मग ती जागा दुकानदारानं भरली. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. तो सकाळी आठला दुकान उघडतो, उधार देतो आणि वडिलांना नावानं ओळखतो.

राज्यासाठी एकच विद्यापीठ ही व्यवस्था फार टिकली नाही. विदर्भानं स्थापनेआधीच ते अकोल्याला व्हावं म्हणून आंदोलन पेटवलं होतं, त्यात जीवही गेले. विद्यापीठासाठी माणसं मेली, हे आजच्या मुलांना खरं वाटत नाही. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्याला पंजाबराव कृषी विद्यापीठ झालं. पंजाबराव देशमुख केंद्रात दहा वर्षं कृषिमंत्री होते आणि अमरावतीची शिवाजी शिक्षण संस्था त्यांनीच उभी केलेली, तेव्हा नावाबद्दल वाद असण्याचं कारण नव्हतं. मराठवाड्याची मागणीही तेवढीच जोरात होती, १८ मे १९७२ ला परभणी आणि त्याच दिवशी कोकणासाठी दापोली. राहुरीकडे पश्चिम महाराष्ट्र आणि खानदेश असे आजचे दहा जिल्हे राहिले आणि त्याला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. शेतकऱ्यांच्या पोरांना शेतीचं शिक्षण द्या, हे ज्यांनी १८८३ मध्येच सरकारला खडसावून सांगितलं होतं, त्यांचं नाव. सुरुवातीची काही वर्षं कारभार पुण्यातूनच चाले, राहुरीला मुक्काम हलला तो १९७२ साली, ऐन दुष्काळात.

चार विद्यापीठं करण्यामागे राजकारण होतं हे खरं, पण माती आणि पाऊसही होता. दापोलीला तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस, जांभा दगड, भात, आंबा, काजू. तिथं 'रत्ना' आंबा झाला, नीलम आणि हापूसच्या संकरातून, आणि वेंगुर्ल्याच्या काजूच्या जाती आज कोकणात घरोघर आहेत. सोलापूरला पाचशे-सहाशे मिलिमीटर आणि तोही मर्जी झाली तर. एका छपराखाली हे दोन्ही बसणं अवघडच होतं. १९८३ च्या कायद्यानं चारही विद्यापीठं एका चौकटीत आली आणि त्यांच्यात मेळ घालायला पुण्यात कृषी परिषद बसली. पशुवैद्यक २००० साली वेगळं काढून नागपूरला त्याचं स्वतंत्र विद्यापीठ केलं. तो निर्णय मला आजही पटलेला नाही. आपल्याकडचा शेतकरी गाय आणि ज्वारी वेगळी काढत नाही, कडब्यावर दोन्ही एकत्र जगतात. पण ते असो.

आता काम कसं चालतं ते माझ्या पिकावरूनच सांगतो, बाकीचं मला ऐकीव.

रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि थंडीत ती फुलोऱ्यात येते. संकर करायचा तर दुपारनंतर शेतात बसायचं. कणसाचा फुललेला शेंडा आणि खालचा भाग कात्रीनं काढायचा, मधली पन्नास-साठ फुलं ठेवायची. एकेका फुलात तीन पुंकेसर असतात. बारीक चिमट्यानं तिन्ही अलगद बाहेर काढायचे, एक जरी फुटला तरी ते फूल गेलं. मग खाकी कागदी पिशवी चढवून टाचणी लावायची आणि त्यावर तारीख लिहायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दव उतरलं की नराच्या कणसाची पिशवी हलवून पिवळा पराग गोळा करायचा आणि इकडे टाकायचा. आमच्याकडच्या मजूर बायका हे काम माझ्यापेक्षा कितीतरी सफाईनं करायच्या. वाणाच्या प्रस्तावावर नावं येतात ती शास्त्रज्ञांची.

यातून दाणे आले की पुढे सहा-सात पिढ्या निवड. एक पिढी म्हणजे एक वर्ष, कारण रब्बी वर्षातून एकदाच येते. लवकर पेरून खोडमाशीपुढे टाकायची, किती पोंगे मरतात ते मोजायचं. पाण्याचा ताण देऊन खडखड्या रोगापुढे टाकायची, किती ताटं मधून पोकळ होऊन लोळतात ते बघायचं. उरलेल्या ओळी राहुरी, मोहोळ, सोलापूर, जेऊर अशा ठिकाणी मालदांडीशेजारी लावायच्या. आमच्या भाषेत मालदांडी हा 'चेक'. प्रत्येक नव्या पोराला या म्हाताऱ्याशी कुस्ती खेळावी लागते, आणि म्हातारा सहसा चीत होत नाही. त्यानंतर शेतकऱ्यांच्या शेतातल्या चाचण्या, मग चारही विद्यापीठांची संयुक्त संशोधन बैठक, जिला आम्ही सगळे 'जॉइंट अ‍ॅग्रेस्को' म्हणतो. तिथं दुसऱ्या तीन विद्यापीठांतले लोक तुमच्या आकड्यांची चिरफाड करतात. मग राज्याची वाण समिती, मग राजपत्र. एकूण दहा-बारा वर्षं. नोकरीत तीन वाण पूर्ण झाले तर माणूस भाग्यवान.

एक फजिती सांगतो. एका केंद्रावर आमच्याकडे एक ओळ होती, उत्पादनात मालदांडीला सलग तीन वर्षं मागे टाकणारी. आम्ही हरखून गेलो. एका गावात दहा शेतकऱ्यांना बी दिलं, काढणीनंतर विचारायला गेलो. पुरुष मंडळी गप्प. शेवटी एका घरातल्या आजी आतूनच म्हणाल्या, "साहेब, सकाळची भाकर संध्याकाळी दगड होतीया, आन् कडब्याला बैल तोंड लावत न्हाई." ताट जाड आणि कडक होतं, आणि पिठाला चिकटपणा नव्हता. आमच्या वहीत हे रकाने होते, पण शेवटच्या पानावर. ती ओळ तिथंच थांबली. त्यानंतर मी तरी उत्पादनाचा आकडा बघायच्या आधी भाकरीच्या चाचणीचा आणि कडब्याचा आकडा बघायला लागलो. पन्नास-साठ वर्षांपूर्वी संकरित ज्वारी आली तेव्हाही खरिपात ती चालली आणि रब्बीत आपटली, त्याचं कारण हेच. 'हायब्रीड' हा शब्द आपल्याकडे अजून बेचव गोष्टीला वापरतात, तो उगाच नाही.

या चुकांतूनच पुढचं शहाणपण आलं. सगळ्या जमिनींना एक वाण हा हट्ट सोडून जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण काढले गेले. हलक्या रानाला फुले माऊली, फुले अनुराधा. मध्यमला फुले सुचित्रा. भारी काळीला फुले वसुधा, फुले यशोदा. पाणी असेल तर फुले रेवती. हुरड्यासाठी फुले उत्तरा आणि फुले मधुर वेगळी, लाह्यांसाठी फुले पंचमी वेगळी. तुमच्या नेवाशाकडं गोदाकाठी खोल काळी जमीन आहे, तिथं वसुधा शोभते. तीच माणच्या माळावर पेरली तर कणीस बाहेर पडायच्या आधी ओल संपते. दुकानात वाणाचं नाव मिळतं, पण तुमचं रान किती खोल आहे हे दुकानदार क्वचितच विचारतो.

उसाची गोष्ट याहून गमतीची. महाराष्ट्राच्या हवेत उसाला तुरा येतो, पण त्यातून कामाचं बी मिळणं मुश्कील, म्हणून संकर होतात कोइमतूरला. तिथून येतं ते कापसासारखं भुरभुरीत बी. ते पाडेगावला रुजवायचं, रोपं वाढवायची आणि हजारो रोपांतून निवड करायची. उसाच्या नावातलं 'को' म्हणजे कोइमतूर आणि 'एम' म्हणजे महाराष्ट्र. 'कोएम ०२६५' हे आपलं दोनशे पासष्ट, फुले २६५, २००७ साली प्रसारित झालं. खारवट, चोपण जमिनीत ते तग धरतं, खोडवा चांगला येतो, वजन भरपूर. म्हणून शेतकऱ्यांनी उचलून धरलं. पण ते उशिरा पक्व होतं. हंगामाच्या सुरुवातीलाच तोडलं तर साखर उतारा कमी मिळतो, म्हणून कित्येक कारखाने त्याची नोंद घ्यायलाच तयार नव्हते. शेतकऱ्याला पैसे टनावर, कारखान्याला फायदा उताऱ्यावर. मध्ये अडकलं विद्यापीठ. दोघांचंही बरोबर होतं आणि शिफारशीत पक्वतेचा कालावधी स्पष्ट लिहिलेला होता. तो वाचायची तसदी फार थोड्यांनी घेतली.

भगवा डाळिंब तर विद्यापीठानं नाव द्यायच्या आधीच गावागावांत फिरत होतं. गणेश आणि गुलेशाह रेड यांच्या संकरातून पुढे आलेली ही झाडं. कुणी शेंदरी म्हणायचं, कुणी मस्तानी, कुणी अष्टगंधा, कुणी जय महाराष्ट्र. २००३-०४ मध्ये अधिकृत 'भगवा' झालं तोवर सांगोल्यापासून सटाण्यापर्यंत लोकांनी गुट्या बांधून पसरवलं होतं. यात विद्यापीठाची बदनामी बघायची की यश, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मला यश वाटतं. पुढे तेल्या रोगानं बागाच्या बागा बसवल्या आणि त्यावर खात्रीचा उतारा आजही कुणाकडे नाही, तेही खरं.

वडिलांना एक फरक समजावून सांगा, म्हणजे कंपनी आणि विद्यापीठ यांतलं कोण कुठं कामाचं ते कळेल. मका, बाजरी, कपाशी, मिरची, टोमॅटो ही संकरित पिकं. त्यांचं बी दरवर्षी नवं घ्यावं लागतं, म्हणून कंपन्यांचा सगळा पैसा तिकडे. तिथं विद्यापीठ मागे पडलं, हे मान्य केलंच पाहिजे. परभणीच्या विद्यापीठाची 'नांदेड ४४' ही कपाशी एके काळी मराठवाडा-विदर्भावर राज्य करत होती. २००२ साली बीटी, म्हणजे बोंडअळीविरोधी जनुकाची कपाशी, आली ती कंपन्यांच्या संकरित वाणांतून. नांदेड ४४ मध्ये तो जनुक येऊन ती पुन्हा बाजारात यायला पंधराएक वर्षं गेली. तोवर शेतकरी थांबतो का? पण गहू, हरभरा, तूर, सोयाबीन, रब्बी ज्वारी यांचं घरचं बी चालतं. एकदा घेतलं की शेतकरी दोन-तीन वर्षं पुन्हा दुकानात येत नाही. अशा पिकात कंपनीला फारसा रस नसतो, तिथं विद्यापीठाला पर्याय नाही. दिग्विजय हरभरा, निफाडचा त्र्यंबक गहू, बदनापूरची तूर, सांगलीजवळच्या कसबे डिग्रजहून निघालेलं फुले संगम सोयाबीन. सांगली-कोल्हापूरच्या तांबेरा रोगात टिकावं म्हणून केलेलं हे संगम आज पार विदर्भात पेरलं जातं, आणि बहुतेक ठिकाणी ते शेतकऱ्याकडून शेतकऱ्याकडे गेलंय.

जमिनीचं विचारलंत. राहुरीच्या त्या विस्तीर्ण प्रक्षेत्रावर पैदासकार बियाणं तयार होतं, पिवळ्या खुणेच्या पिशवीतलं. त्यापासून पायाभूत, म्हणजे पांढऱ्या खुणेचं, आणि त्यापासून प्रमाणित, निळ्या खुणेचं. महाबीजची किंवा एखाद्या कंपनीची निळ्या खुणेची पिशवी तुम्ही फोडता तेव्हा त्या बियाण्याचं आजोळ अशाच एखाद्या प्रक्षेत्रावर असतं. जमीन लागते ती यासाठी. पण ज्या कुटुंबांच्या जमिनी विद्यापीठासाठी गेल्या, त्यांच्या पुढच्या पिढ्या नोकरीच्या मागणीसाठी अजून उपोषणाला बसतात. माझ्या मते हा हिशेब केव्हाच मिटायला हवा होता. आणि पदं भरलेली नसताना, मजूर पुरेसे नसताना काही प्रक्षेत्रांवर तण माजतं, तेव्हा रस्त्यावरून जाणारा शेतकरी जे बोलतो ते ऐकून घेण्यापलीकडे आमच्याकडे उत्तर नसतं. शास्त्रज्ञाची बढती किती शोधनिबंध छापले यावर आणि वाण किती गावांत पोचला याला मार्क जेमतेम, ही व्यवस्था आहे तोवर तरुण माणूस चिमट्यापेक्षा लॅपटॉपच जवळ करणार.

विद्यार्थ्यांचंही थोडं. शेवटच्या वर्षाला मुलं गावात मुक्कामाला येतात, ग्रामीण कार्यानुभवासाठी. मुलगे कृषिदूत, मुली कृषिकन्या. ग्रामपंचायतीपुढे रांगोळीनं गावाचा नकाशा काढतात, माती परीक्षणाचे नमुने घेतात, बीजप्रक्रिया करून दाखवतात. पुष्कळांचा जीव स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात असतो, ते लपत नाही. बीएस्सी अ‍ॅग्री ही एमपीएससीची पहिली पायरी झालीय, हे कुणी नाकारू नये. तरी यंदा तुमच्या गावात ही मुलं आली तर त्यांना चहाला बोलवा आणि एक काम द्या: वडिलांच्या सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवण तपासायला सांगा. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, वरचेवर पाणी शिंपडायचं, आठवड्यानं मोजायचं. सत्तर उगवले तर बिनधास्त पेरा. साठ आले तर एकरी बी वाढवा. त्याहून कमी आले तर ते बी बाजारात घाला. या एका तपासणीनं दुबार पेरणीचा धोका किती कमी होतो, हे जूनमध्ये कळेल.

आणि वडिलांना घेऊन स्वतः जा. खरिपाच्या तोंडाशी, मेच्या अखेरीला, राहुरीच्या बियाणे विक्री केंद्रावर रांग लागते. नवं काही घ्यायचं तर सगळ्या रानाचं घेऊ नका, एक पिशवी घ्या, दहा गुंठ्यांत स्वतंत्र वाढवा, भेसळीची झाडं उपटून टाका आणि पुढच्या वर्षीचं बी घरचं करा. सोबत रायझोबियम हे जिवाणू खत मिळालं तर पाव किलोचं पाकीट दहा किलो बियाण्याला पुरतं. पेरणीच्या अगोदर लावायचं आणि बी सावलीत सुकवायचं. विद्यापीठाची 'कृषीदर्शनी' दरवर्षी निघते, ती घरात ठेवा. तिच्यातला हेक्टरी आकडा अडीचनं भागला की एकरी निघतो. राहुरी लांब वाटली तर शेवगाव तालुक्यात दहिगाव-ने या गावी कृषी विज्ञान केंद्र आहे, ते तुम्हाला सोयीचं. जाताना मातीचा नमुना न्या. शेतात आठ-दहा ठिकाणी वितभर खोल व्ही आकाराचा खड्डा घेऊन कडेची माती काढायची, सगळी एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो ठेवायची. बांधाजवळची, उकिरड्याखालची, झाडाखालची माती घेऊ नका.

तिथं जो माणूस भेटेल त्याला वडिलांना सरळ विचारू द्या, तुम्ही आम्हाला दिलं काय म्हणून. मी नोकरीत असताना हा प्रश्न विचारणारा शेतकरी वर्षाकाठी एखाद-दुसराच यायचा. बाकीचे चहा पिऊन, साहेबांना नमस्कार करून जायचे, आणि आम्ही वहीत 'भेट समाधानकारक' असं लिहायचो.